मोटार जिथे थांबते

आमच्या वऱ्हाडातल्या उन्हाची कीर्ती नव्याने सांगायला नको. अकोल्याचा पारा चढू लागला, की घरोघरी थंड हवेच्या गोष्टी निघतात. २०१४ च्या मे महिन्यात मीही आईला घेऊन माथेरानला निघालो. अमरावतीहून रात्रीची मुंबईची गाडी, सकाळी कल्याण, तिथून कर्जतची लोकल आणि नेरळ. इथवरचा प्रवास कोणीही करील. विचार करावा लागतो तो पुढे.

१८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला, असे पुस्तके सांगतात. ठाकूर-धनगरांना मात्र तो डोंगर कधी हरवलेलाच नव्हता! साहेब लोक प्रथम तट्टांवरून नि पालख्यांतून चढले. मग आदमजी पीरभॉय या उद्योजकाच्या पैशाने १९०४ मध्ये रूळ घालायला प्रारंभ झाला आणि १९०७ मध्ये झुकझुक गाडी वर पोचली. मूर्तिजापूरची आमची शकुंतला अडीच फुटी रुळांवरून धावत असे. ही तर दोनच फुटी, म्हणजे तिची धाकटी बहीण. २००५ च्या पुरात तिचा मार्ग वाहून गेला, तरी २००७ मध्ये ती पुन्हा चालू झाली.

त्या दिवशी या धाकटीची तिकिटे संपली होती. मोटारीने दस्तुरी नाका गाठला. मोटारीची हद्द तिथे संपते. झाडी राखण्यासाठी २००३ मध्ये केंद्र सरकारने हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. पुढच्या अडीच-तीन किलोमीटरांच्या तांबड्या वाटेवर पाय, घोडा किंवा हातरिक्षा. एकाने पुढून ओढायची, दुसऱ्यांनी मागून रेटायची.

मी हातरिक्षा ठरवली. आई जागची हलेना.

“नाही रे बाप्पा! मानसाच्या जिवावर मले नाही बसाचं.”

ओढणारा हसून म्हणाला, “आजी, तुम्ही बसला नाहीत, तर आमची चूल कशी पेटायची?”

यावर आईजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते. शेवटी तिने बोचकी रिक्षात ठेवली, भाडे पुरे दिले आणि दर वळणावर दम खात ती त्याच्या शेजारून चालत गेली. मोटार बंद झाली म्हणून ओझे नाहीसे होत नाही, ते कुणाच्या तरी खांद्यावर जाते, हे इतिहासाच्या पुस्तकात मला कोणी शिकवले नव्हते.

२०२२ च्या डिसेंबरात तिथे विजेच्या रिक्षा प्रायोगिक म्हणून धावू लागल्या. पुढे ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानची हातरिक्षा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. त्या पीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आमच्या अमरावतीचे सुपुत्र! ओढणाऱ्यांच्याच हाती भाड्याने विजेच्या रिक्षा द्याव्यात, अशी योजना करण्यासही न्यायालयाने शासनाला बजावले.

आईच्या नकाराला आणि त्या माणसाच्या प्रश्नाला असे एकत्र उत्तर मिळाले. ते ऐकायला आई आता नाही. पण तो रिक्षावाला असेल. वाचकहो, यंदा दिवाळीनंतर माथेरानला गेलात, तर विजेच्या रिक्षात जरूर बसा. फक्त ती चालवणारा पूर्वी काय ओढत होता, एवढे त्याला आपुलकीने विचारा.