कुरणातली शाळा

मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही, ही तक्रार शाळेइतकीच जुनी आहे. पंतोजींच्या काळी तिच्यावर छडीचा उतारा होता. पुढे परीक्षेचा धाक आला. दोष मुलाचा, हे दोन्ही उपायांत गृहीतच धरलेले असे. ते गृहीत तपासून पाहणाऱ्यांत एक गुजराती वकील आणि एक मराठी विदुषी यांचे स्थान फार वरचे आहे.

गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर उघडले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या कथारूप पुस्तकातला शिक्षक प्रयोगासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो. पहिल्या दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ शिकवू पाहतो आणि वर्गात हुल्लड माजते. पुढे तो गोष्ट सांगू लागतो, तेव्हा तीच मुले तल्लीन होऊन ऐकतात. शिक्षणाधिकारी साशंक असूनही या प्रयोगाला परवानगी देतो. शासकीय सेवेतील वाचकांना हा तपशील विशेष मोलाचा वाटावा.

राजकोट येथे अध्यापन करणाऱ्या ताराबाई मोडक १९२३ च्या सुमारास भावनगरला गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. स्वप्रांताबाहेर मिळालेली ही विद्या घेऊन त्या परतल्या आणि १९३६ साली त्यांनी दादर येथे शिशुविहार काढला. तथापि तेथील मुले शहरातली होती. खरी कसोटी १९४५ साली बोर्डीस, आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर लागावयाची होती. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. आता तो पालघर जिल्ह्यात आहे.

येथील वारली मुलांना शाळेचे वावडे नव्हते. त्यांस सवडच नव्हती. दिवसा गुरे राखावयाची, धाकटी भावंडे सांभाळावयाची. मग शाळेच्या घंटेला हजर कोणी व्हावे? ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरू लागली, ती अंगणवाडी. गुरे चरत त्या रानात वर्ग भरू लागला, ती कुरणशाळा. खडे, पाने, शिंपले हेच शिक्षणाचे साहित्य झाले. जे हाताशी होते त्यातूनच गणती आली, आणि मूल गुरांवर नजर ठेवूनही शिकू लागले.

केंद्र शासनाने १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आपली बदली देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात झाली, तरी ही पाटी आता तेथे भेटते.

नाव सर्वदूर पोहोचले. त्यामागचा विचार तितक्या दूर पोहोचला काय? हजेरीपटावर मुलापुढे 'गैरहजर' असा शेरा आजही सहज पडतो. कोसबाडच्या बाईंनी तो शेरा वाचला असता, तर गैरहजर कोण, मूल की शाळा, असे त्यांनी आधी विचारले असते. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यानेही हा प्रश्न एकदा विचारून पाहावा.