मातीचे देव

दिवाळीच्या दिवसांत अंगणाच्या कोपऱ्यांत मातीचा किल्ला उभारणाऱ्या मुलांकडे ज्यांनीं लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्यांच्या ध्यानीं एक गोष्ट आल्यावांचून राहिली नसेल. चिखलाचा डोंगर थापतांना, बुरूज रचतांना, तळ्यासाठीं खळगा खणतांना त्यांना तहानभुकेची शुद्ध राहत नाहीं. परंतु शेवटचा मावळा जागेवर बसला कीं किल्ल्यावरचें त्यांचें मन उडूं लागतें. त्यांना किल्ला जिंकावयाचा नसतो. किल्ला करावयाचा असतो. मनुष्यस्वभावांतील हा बारीकसा भेद ओळखण्यास संगणकावरील खेळ रचणारांना बराच काळ लागला; आणि ज्यांनीं तो ओळखला, त्यांनाही तो बहुतांशीं अपघातानेंच सांपडला. भूमीला आकार देण्याच्या या खेळांचा इतिहास म्हणूनच मोठा बोधप्रद आहे.

वाळूचा खेळ आणि राजसत्ता यांचा संबंध संगणकाहून कितीतरी जुना आहे. प्रशियांत गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइस्विट्झ या गृहस्थानें युद्धकलेच्या अभ्यासासाठीं एक खेळ रचला. प्रथम तो वाळूवर खेळत. परंतु १८१२ सालीं राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला तो नजर करण्याची वेळ आली, तेव्हां वाळू राजाला शोभणार नाहीं, असें वाटून त्यानें भूप्रदेशाचे सुटे चौरस तुकडे असलेलें एक देखणें मेज तयार केलें. तुकडे हवे तसे जुळवावेत आणि हवें तें रणक्षेत्र उभें करावें. पुढें १८२४ सालीं त्याच्या मुलानें सुधारलेला हा खेळ सैन्यांत रूढ झाला. तथापि येथें भूमि हें केवळ साधन होतें. साध्य होता तो विजय.

संगणकावरील खेळही बराच काळ याच विजयाच्या वाटेनें चालले. १९८४ सालीं अमेरिकेंत विल राइट या तरुणानें ‘रेड ऑन बंगेलिंग बे’ नांवाचा खेळ रचला. हेलिकॉप्टरमधून बेटांवरील कारखाने बाँबनीं उडवावयाचे, एवढाच त्यांतील पुरुषार्थ. हीं बेटें रेखाटण्यासाठीं राइटनें स्वतःपुरतें एक साधन बनविलें होतें. बेटें उडविण्यापेक्षां तीं घडविण्यांत, त्यांवर रस्ते आंखण्यांतच आपल्याला अधिक गोडी वाटते, असें हळूहळू त्याच्या लक्षांत आलें. त्या गोडींतून ‘सिमसिटी’चा जन्म झाला. नगर वसवावें, वीज पुरवावी, कर बसवावा, लागलेली आग विझवावी; जय नाहीं, पराजयही नाहीं. ज्या खेळांत कोणी जिंकत नाहीं तो विकत घेणार कोण, अशी प्रकाशकांस शंका पडली. शेवटीं राइटनें जेफ ब्रॉन यांच्यासह १९८७ सालीं ‘मॅक्सिस’ ही संस्था काढली आणि १९८९ सालीं हा खेळ लोकांपुढें आला.

त्याच १९८९ सालीं इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील ‘बुलफ्रॉग’ मंडळीनें रचलेला ‘पॉप्युलस’ बाहेर पडला. यांत खेळणारा साक्षात् देव असतो. पण हा देव विलक्षण पराधीन आहे. एकेका भक्ताला हातीं धरून त्याला चालवितां येत नाहीं. त्याची मुख्य किमया एकच: जमीन उचलावी अथवा खचवावी. सपाट भूमि मिळाली कीं भक्त तेथें घर बांधतात. सपाटी वाढली कीं घराचा वाडा आणि वाड्याचा किल्ला होतो. भक्त वाढले कीं देवाचें सामर्थ्य वाढतें, आणि मग भूकंप, दलदल, ज्वालामुखी, महापूर हीं अस्त्रें प्रतिपक्षाच्या देवाविरुद्ध सोडतां येतात. भक्तावांचून देवाला देवपण नाहीं, हें आपल्या संतांनीं प्रेमानें सांगितलें; येथें तें हिशेबानें ठरलें.

या किमयेचा उगम मोठा गमतीचा आहे. ग्लेन कॉर्प्स यानें ठोकळ्यांचा एक प्रदेश पडद्यावर उभा केला आणि पीटर मोलिन्यू यानें त्यावर चिमुकलीं माणसें सोडलीं. तीं माणसें वाटेंतील अडथळ्याला वळसा घालीनात, आणि तो वळसा त्यांना शिकविण्याची युक्ति मोलिन्यूला साधेना. तेव्हां माणसांना शहाणें करण्याचा नाद सोडून त्यानें जमीनच खेळणाराच्या हवालीं केली. ही कथा पुढें त्यानें स्वतःच सांगितली आहे. एका कारागिराच्या उणिवेंतून दुसऱ्याचें देवपण निपजलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु हें देवपण कितपत खरें? राइटनें आपल्या नगराचे नियम बसवितांना जे फॉरेस्टर या प्राध्यापकाच्या १९६९ सालच्या ‘अर्बन डायनॅमिक्स’ या ग्रंथाचा आधार घेतला होता. त्या ग्रंथांत नगर म्हणजे परस्परांत गुंतलेल्या समीकरणांचा संच मानला असून, गरिबांसाठीं स्वस्त घरें बांधल्यानें शहराचें हित न होतां अहितच होतें, असा त्याचा एक निष्कर्ष होता. त्यावर बराच वाद झाला. सिमसिटीनें तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलला, असें आमचें म्हणणें नाहीं. पण ग्रंथाच्या वाचकाला वाद दिसतो. खेळणाऱ्या मुलाला समीकरण दिसत नाहीं. कर वाढविला कीं लोक गांव सोडतात, रस्त्यांऐवजीं आगगाडीचे रूळ घातले कीं वाहनांची गर्दी टळते, हें त्याला सृष्टिनियमासारखें वाटूं लागतें. वस्तुतः तो कोणा माणसानें केलेला कायदा असतो. या खेळांतील खरा देव खेळणारा नव्हे, नियम लिहिणारा होय.

नियतीनें या नियमकर्त्यालाही एकदां जमिनीवर आणलें. सिमसिटींत आग, पूर, भूकंप अशा संकटांची यादीच असे; खूण करावी आणि संकट नगरावर सोडावें. १९९१ सालीं कॅलिफोर्नियांत ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला आणि त्यांत राइटचें घर भस्मसात् झालें. पुन्हां संसार मांडतांना माणसाला खरोखर कोणत्या वस्तूंची गरज असते, याचा तो विचार करूं लागला. त्या विचारानें पुढें २००० सालच्या ‘द सिम्स’ या घरसंसाराच्या खेळाला वळण दिलें. आकाशांतून नगर न्याहाळणारी दृष्टि स्वयंपाकघरापर्यंत खालीं उतरली.

त्यानंतर देवाच्या हातीं कुदळ आली. झॅकरी बार्थ याच्या ‘इन्फिनिमायनर’ या ठोकळ्यांच्या खेळापासून स्फूर्ति घेऊन स्वीडनमधील मार्कस पर्सन यानें मे २००९ मध्यें ‘माइनक्राफ्ट’ लोकांपुढें ठेवला. २०११ सालीं तो पूर्ण रूपांत प्रसिद्ध झाला. त्यांतलें सारें जग घनाकृति ठोकळ्यांचें. जगून दाखविण्याच्या प्रकारांत खेळणाराजवळ आरंभीं कांहींच नसतें. झाड हातानें तोडावें, लाकडाची कुदळ करावी, तिनें दगड फोडावा आणि रात्रीं भुतें गांठण्यापूर्वीं निवारा उभारावा. पॉप्युलसचा देव खुणेसरशीं जमीन उचली. येथें टेकडी सपाट करावयाची तर ठोकळ्यामागून ठोकळा खणावा लागतो. सामर्थ्य इतकें घटलें, तरी लोकांची ओढ घटली नाहीं. २०१४ सालीं मायक्रोसॉफ्टनें हा खेळ रचणारी संस्था २.५ अब्ज डॉलरांस विकत घेतली, आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. देव, नगराध्यक्ष, गृहस्थ आणि मजूर अशी ही उतरंड आहे. आणि प्रत्येक पायरीवर मनुष्य मातीच्या अधिक जवळ आला आहे.

शेवटची पायरी तर खेळाबाहेर पडली. संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएन-हॅबिटॅट’ या संस्थेनें २०१२ सालीं माइनक्राफ्टच्या कर्त्यांसह ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम आरंभिला. नैरोबीच्या किबेरा वस्तींतील एका मैदानापासून त्याचा प्रारंभ झाला. मुंबईंत गौतमनगर येथील उद्यानासाठींही असा प्रयत्न झाला. ज्यांना नकाशा वाचतां येत नाहीं, अशा रहिवाशांनीं पडद्यावर आपली जागा ठोकळ्यांनीं मांडून दाखवावी, दिवा कोठें हवा, बसावयास कोठें हवें हें सांगावें, असा त्यांतील हेतु. एरव्हीं त्यांच्या पायांखालची जमीन दुसराच कोणी उचलीत वा खचवीत असतो.

हें विसरतां कामा नये. खेळांतील घर खुणेसरशीं पडतें. प्रत्यक्षांत त्यांत कोणाची तरी चूल पेटलेली असते. म्हणून मुलांच्या हातून हे खेळ हिसकावून घ्यावेत, असें आम्हांस वाटत नाहीं. ओल्या मातींत हात घालण्याची ती जुनीच हौस आहे. मात्र एखाद्या सायंकाळीं मुलाजवळ बसून त्याला एवढें अवश्य विचारावें कीं, ‘बाळ, हा डोंगर तूं सपाट केलास खरा, पण तो सपाट केल्यानें सर्वांचें भलें होतें, असें ठरविलें कोणी?’