निकाल कोनाले सांगता?

विसाव्या शतकाची पहिली दशकं. तुम्ही तुमसरच्या उत्तरेला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत उभे आहात. ओळीनं बसलेल्या बाया हातोडीनं खनिज फोडताहेत, चांगलं एकीकडे, कच्चं दुसरीकडे. प्रत्येक घावाला काळी भुकटी उडते आणि पदरावर, ओठांवर, शेजारी निजवलेल्या लेकरावर बसते. माल विलायतेला जायचा आहे.

या भुकटीचा धोका तेव्हा ठाऊक नव्हता, असं म्हणाल तर आणखी मागे चला. 1837. ब्लीचिंग पावडरच्या कारखान्यात मँगनीज दळणारे कामगार जॉन कूपर हा स्कॉटिश डॉक्टर तपासतो आहे. समोरचा माणूस चालताना पुढे झुकतो, पाय साथ देत नाहीत, आवाज पुटपुटण्याइतका खाली गेलेला, तोंडातून लाळ गळते. कूपर हे सगळं लिहून छापतो. म्हणजे ज्या देशाला माल जात होता, तिथं हे ज्ञान आधीच छापलेलं होतं. खनिजानं जेवढा प्रवास केला, तेवढा त्या ज्ञानानं उलट दिशेनं केला नाही. मला याचा राग येतो.

आता जपान, मिनामाता, 1959. तिथल्या रासायनिक कारखान्याच्याच दवाखान्यातले डॉ. होसोकावा कारखान्याचं पारा असलेलं सांडपाणी मांजराच्या खाण्यात घालून पाहतात. मांजर झटके येऊन कोसळतं. निष्कर्ष हातात आला, पण कंपनीनं प्रयोग थांबवला आणि तो निष्कर्ष बाहेर जाऊ दिला नाही. पारा समुद्रात जातच राहिला, 1968 पर्यंत. मासे खाणाऱ्या कोळ्यांना तो निष्कर्ष सांगितलाच नव्हता.

परत आजच्या तुमसर तालुक्यात या. तुम्ही संशोधक आहात. ओसरीवर बसलात, समोर संमतीपत्र, पिशवीत रक्ताच्या नळ्या. सुई बाहेर काढताच म्हातारी विचारते, "रगत नेता बापू, मंग निकाल कोनाले सांगता?"

प्रश्न सोपा, उत्तर अवघड. मँगनीज शरीराला थोडं लागतंच. रक्तातला आकडा अलीकडचा संपर्क दाखवतो. वीस वर्षांच्या धुळीनं मेंदूला काय केलं, ते त्यावरून नीट कळत नाही. आकडा सांगितला तर घाबरवल्यासारखं, न सांगितला तर लपवल्यासारखं. त्यातून तिचा मुलगा खाणीत रोजंदारीवर. त्याचा अहवाल मुकादमापर्यंत पोचला तर? गावाचं नाव छापून आलं आणि सोयरीक जमेनाशी झाली तर?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या संशोधनविषयक नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत समाजाचा सहभाग आहे, लाभाचा वाटा आहे, गुप्तता आहे. ग्रामसभेचा होकार मिळाला तरी प्रत्येकाची संमती वेगळी घ्यावी लागते, हेही आहे. कागद चांगला आहे. पण म्हातारीचा प्रश्न तो सोडवत नाही. तो तुम्हालाच सोडवायचा आहे, सुई टोचण्याआधी.

मग सुई पिशवीत परत ठेवा आणि संमतीपत्र नव्यानं लिहा: निकाल आधी ज्याचा त्याला, घरी येऊन, तिथल्या बोलीत, डॉक्टरला सोबत घेऊन, त्यानंतर गावाचं नाव न घेता ग्रामसभेत, नियतकालिकात सगळ्यात शेवटी. आकड्यातून काय कळत नाही, तेही त्यातच लिहा. पुढची तपासणी कुठल्या दवाखान्यात आणि कुणाच्या खर्चानं, ती ओळ आज कोरी आहे. ती भरून आणा, मग या ओसरीवर या.