वेणीचा स्वेटर आणि मोजलेले टाके



थंडी पडली की ट्रंकेतून लहान मुलांचे कपडे बाहेर निघतात. कुंची, टोपडं, पायमोजे आणि एखादा डोक्यातून घालायचा लोकरीचा स्वेटर. त्यातल्या एकावर तरी मधोमध वेणी असते. दोन पेड एकमेकांवरून जाणारी, दोरखंडासारखी पिळलेली. कुणी ती दोन सुयांवर घातलेली असते, कुणी क्रोशाच्या एका सुईवर. पोराच्या अंगावर ती फार गोड दिसते आणि पाहणारी बाई लगेच विचारते, “ही कशी घातलीस गं?”

आज मी ती कशी घालायची हे थोडंसं सांगणार आहे. पण त्याआधी, ती घालणाऱ्या बायांचं काय झालं हे सांगायचं आहे. कारण या वेणीबद्दल एक गोष्ट जगभर सांगितली जाते. गोष्ट सुंदर आहे, पण खरी नाही. आणि जी खरी आहे, ती आपल्या जास्त कामाची आहे.

युरोपात आयर्लंड नावाचा देश आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यासमोर, समुद्रात, तीन लहान बेटं आहेत. त्यांना आरन बेटं म्हणतात. जमीन म्हणजे नुसता चुनखडीचा कातळ. तिथल्या माणसांनी वाळू आणि समुद्रातलं शेवाळ पाठीवरून वाहून आणलं, कातळावर थर देऊन माती तयार केली आणि त्यात बटाटे लावले. पुरुष लहान होड्या घेऊन मासेमारीला जायचे. बाया मेंढीची लोकर कातायच्या, विणायच्या. वेणी, चौकटी, नागमोडी रेघा अशा उठावाच्या नक्षीचा जो पांढरा जाड स्वेटर आज जगभर विकला जातो, तो या बेटांच्या नावाने ओळखला जातो.

त्याची गोष्ट अशी सांगतात : प्रत्येक घराण्याची नक्षी वेगळी. होडी बुडाली, माणूस वाहून गेला आणि बऱ्याच दिवसांनी कुठे किनाऱ्याला लागला, तर चेहऱ्यावरून ओळख पटायची नाही. तेव्हा स्वेटरच्या नक्षीवरून ओळखायचे, की हा अमक्या घरातला. आणि ही पद्धत म्हणे हजार वर्षांची.

ऐकताना अंगावर काटा येतो. पण विणकामाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी जुने फोटो, जुने कपडे तपासले, तेव्हा याला आधार सापडला नाही. इंग्लंडमधले एक बिशप, रिचर्ड रट, स्वतः विणणारे होते. त्यांनी 1987 साली हातविणकामाचा मोठा इतिहास लिहिला आणि त्यात या दंतकथेची चांगलीच छाननी केली. हा पांढरा नक्षीदार स्वेटर हजार वर्षांचा नाही. तो साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही दशकांत तयार झाला.

मग ही गोष्ट आली कुठून? जॉन मिलिंग्टन सिंग नावाचे आयरिश नाटककार 1898 पासून काही वर्षं या बेटांवर जाऊन राहत. त्यांचं एक नाटक 1904 साली रंगभूमीवर आलं. त्यात एका घरातला तरुण मुलगा समुद्रात गेलेला आहे. दूर उत्तरेला एक प्रेत सापडलं, त्याच्या अंगावरचे कपडे घरी येतात. धाकटी बहीण त्यातला पायमोजा हातात घेते आणि टाके मोजते. आपण किती टाके घातले होते आणि किती गाळले होते, हे तिला पाठ आहे. हिशेब जुळतो आणि तिला कळतं, आपला भाऊ गेला.

बघा, तिथे घराण्याची नक्षी नाही की वेणी नाही. साधा पायमोजा आहे. ओळख पटते ती विणणारीच्या मोजणीवरून. पुढे विकताना गोष्ट बदलली. पायमोज्याचा स्वेटर झाला, टाक्यांची नक्षी झाली आणि मोजणाऱ्या बहिणीच्या जागी घराण्याचं नाव आलं. बाई गोष्टीतून बाहेर पडली.

आता खरी गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पश्चिम आयर्लंडमध्ये फार गरिबी होती. 1891 साली तिथल्या सरकारने मागास भागांसाठी एक मंडळ नेमलं. त्याने बंदरं बांधली, मासेमारी वाढवली, बायांसाठी विणकामासारखे घरबसल्या करायचे धंदे सुरू केले. बाहेरगावचे कोळी या भागात येऊ लागले. त्यांच्या अंगात इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे निळे, घट्ट विणीचे स्वेटर असत. बेटावरच्या बायांनी ते पाहिले आणि त्यात आपली भर घातली. निळी बारीक लोकर सोडून पांढरी जाड लोकर घेतली, आणि नक्षी छातीपुरती न ठेवता अंगभर नेली.

हा पांढरा नक्षीदार स्वेटर बेटांवर रोजच्या मासेमारीचा नव्हता. तो सणाचा कपडा होता. लहान मुलगे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायला जात, त्या दिवशी आया त्यांना हा स्वेटर घालत. म्हणजे ज्याला आज जग कोळ्याचा स्वेटर म्हणतं, तो आईने मुलासाठी हौसेने केलेला होता. याच बेटांवर मुलग्यांना बरीच मोठी होईपर्यंत, दहा-बारा वर्षांची होईपर्यंतसुद्धा, परकर घालत. मुलग्यांना पऱ्या पळवून नेतात, मुलगी समजून सोडून देतील, अशी समजूत सांगत. आपल्याकडे नवसाच्या मुलाचं नाक टोचायचे, त्याला मुलीसारखं सजवायचे, ते आठवलं ना? समुद्र कुठलाही असो, आयांची भीती तीच.

1930 साली डब्लिनमध्ये म्यूरिएल गॅहन या बाईंनी एक दुकान काढलं. खेड्यापाड्यातल्या कारागिरांच्या वस्तू त्या तिथे ठेवत. बेटावरच्या बायांनी विणलेले स्वेटरही त्यात असत. पुढे 1961 साली क्लॅन्सी बंधू हे आयरिश गायक अमेरिकेत टेलिव्हिजनवर हेच पांढरे स्वेटर घालून गायले. न्यूयॉर्कमध्ये फार थंडी असते म्हणून त्यांच्या आईने ते पाठवले होते. तो कार्यक्रम लाखो लोकांनी पाहिला आणि मागणी एवढी वाढली की बेटावरच्या बायांचे हात पुरेनात. मग यंत्रं आली. दोन सुयांची वीण यंत्राला जमते. 1589 साली विल्यम ली यांनी इंग्लंडमध्ये पायमोजे विणायचं पहिलं यंत्र केलं, तेव्हापासून जमते. आज आरनच्या नावाने विकले जाणारे बहुतेक स्वेटर यंत्रावरचे असतात. सोबतच्या चिठ्ठीवर मात्र तीच बुडालेल्या कोळ्याची गोष्ट छापलेली असते.

हे झालं दोन सुयांचं. आता एका सुईकडे, क्रोशाकडे येऊ. त्याचीही एक मोठी गोष्ट आयर्लंडचीच आहे, आणि ती या स्वेटरच्या पन्नास-साठ वर्षं आधीची.

1845 साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं सारं पोट बटाट्यावर होतं. पुढच्या पाच-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथीने मेली, आणि तितकीच देश सोडून गेली. त्या दिवसांत कॉर्क शहराजवळच्या मठातल्या जोगिणींनी मुलींना क्रोशा शिकवला. क्लोन्स नावाच्या गावात 1847 साली कॅसांड्रा हॅन्ड या पाद्रीच्या पत्नीने बायांना तो शिकवायची सोय केली. भांडवल काय? एक सुई आणि सुताचं बंडल. कुणी गुलाब करायची, कुणी पान, कुणी ते तुकडे जाळीने जोडायची. श्रीमंत बायांच्या कॉलरीला, बाहीला ती लेस लागायची. ज्या घरात शेताने दगा दिला, तिथे बाईच्या हातातल्या सुईने चूल पेटवली.

साधारण त्याच सुमाराला ही कला मिशनऱ्यांबरोबर आपल्या देशातही पोचली. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी वाहत वाहत आंध्रात जाते आणि समुद्राला मिळते. त्या मुखाजवळ नरसापूर हे गाव आहे. तिथे स्कॉटलंडच्या मिशनरी कुटुंबाने गरीब बायांना क्रोशाची लेस शिकवली. हळूहळू आसपासच्या कितीतरी गावांत ती पसरली. माल परदेशी जाऊ लागला.

1970 च्या दशकाच्या शेवटी मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाई तिथे आल्या. त्या लेस करणाऱ्या बायांमध्ये बसल्या आणि 1982 साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी काय पाहिलं? बाया घरचं सगळं उरकून दिवसाचे सहा ते आठ तास लेस विणत होत्या. कुणी फक्त फुलं करायची, कुणी फक्त जोडायची. पूर्ण झालेला नग कितीला विकला जातो, हे विणणारीला माहीत नव्हतं. दलाल, व्यापारी, निर्यातदार हे बहुतेक पुरुष. आणि बायांना विचारलं तर त्याही म्हणायच्या, “आम्ही घरीच असतो.” सगळे तिला फावल्या वेळातलं काम म्हणायचे, म्हणून मजुरीही फावल्या वेळाचीच मिळायची, किमान मजुरीच्या कितीतरी खाली. त्या कामावर दुसऱ्यांचे बंगले उभे राहिले होते.

2024 साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे त्या नावाने दुसरीकडचा माल विकायला बंदी आली. चांगली गोष्ट आहे. पण नाव राखलं म्हणजे मजुरी राखली जाते असं नाही. आरनच्या बायांचं आपण आत्ताच ऐकलं.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दोन सुयांची वीण यंत्राला येते, पण खरा क्रोशा यंत्राला अजून जमलेला नाही. यंत्र त्याची नक्कल करतं, इतकंच. म्हणून बाजारात अगदी स्वस्तात क्रोशाचं खरं विणकाम दिसलं, तर समजा, ते कुठल्या तरी बाईने हाताने केलंय आणि तिला फार थोडं मिळालंय.

आता सांगितल्याप्रमाणे वेणीकडे. दोन सुयांवर वेणी घालताना आपण अर्धे टाके तिसऱ्या छोट्या सुईवर काढून पुढे किंवा मागे ठेवतो, बाकीचे आधी विणतो आणि मग ठेवलेले विणतो. क्रोशात तिसरी सुई नसते. तिथे खालच्या ओळीतल्या खांबाच्या डोक्यात सुई न घालता, पुढून घालून त्याच्या अंगाभोवती फिरवून खांब काढायचा. तो वर उठून दिसतो. असे चार उठावाचे खांब आले, की पुढच्या उलटाव्याच्या ओळीत पहिले दोन सोडायचे, तिसरा-चौथा आधी घ्यायचा आणि मग मागे येऊन पहिला-दुसरा घ्यायचा. पेड पेडावरून गेला. हे खांब सुईवर दोन वेढे घेऊन लांब करायचे, नाहीतर विणलेलं आखडतं.

बाळासाठी करताना मऊ लोकर घ्या. क्रोशाला दोन सुयांपेक्षा जास्त लोकर लागते आणि अंगही जाड होतं, म्हणून वेणी एकच, पुढच्या बाजूला मधोमध पुरे. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. त्यामुळे गळा सैल ठेवा, किंवा एका खांद्यावर बटणं लावा आणि ती घट्ट शिवा.

आणि विणायला बसाल तेव्हा शेजारी वही ठेवा. नातवंडासाठी करत असाल तर हिशेब नको, ती माया आहे. पण गटातून विकायला करत असाल, तर तास लिहा. समजा, एका स्वेटरला लोकर 160 रुपयांची लागली, बटणं 15 रुपयांची आणि वेळ 20 तास. तुम्ही तो 400 रुपयांना दिलात. 175 वजा केले, उरले 225. ते 20 तासांनी भागा. तासाला सव्वाअकरा रुपये. त्यात गटाचा खर्च धरलेला नाही, दुकानदाराचा वाटाही नाही. आपल्या गावात खुरपणीला काय रोज मिळतो, तो शेजारी लिहा आणि दोन्ही आकडे पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचा. मग किंमत ठरवा.

आणखी एक करा. आतल्या बाजूला, मानेशी, कापडाची छोटी पट्टी शिवा आणि त्यावर विणणारीचं नाव घाला. घराण्याचं नाही, गावाचंही नंतर. आधी तिचं. नाटकातल्या त्या बहिणीला तिचे टाके पाठ होते, कारण ते तिने स्वतः मोजले होते. आपलेही टाके आपण मोजतोच. आता तासही मोजूया.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाचा हिशेब काय निघाला ते आम्हाला जरूर कळवा.