पानमुनजॉमचे दुभाषे आणि आमचं कोरियन

१९५३ चा सप्टेंबर. कोरियात तारेच्या कुंपणाआड शेकडो चिनी युद्धकैदी खवळलेले. त्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून डांबून ठेवलेलं. त्या घोळक्यात एक मराठी माणूस हत्याराशिवाय शिरला. मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूरकडचे.

आपली फौज तिथं कशाला गेली होती? २७ जुलै १९५३ ला युद्धबंदी झाली, पण बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी ‘आम्हाला मायदेशी जायचं नाही’ म्हणत होते. त्यांचा निकाल लावायला पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला, अध्यक्ष जनरल थिमय्या. कैद्यांची राखण भारताच्या ‘कस्टोडियन फोर्स’कडे आली आणि तिचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके चिडलेले, की आपल्या जवानांना त्यांच्या जमिनीवर पाय ठेवायची बंदी होती. इंचॉनच्या समुद्रात जहाजं थांबवून हेलिकॉप्टरनं सगळ्यांना पानमुनजॉमजवळच्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त रस आहे तो तंबूंमध्ये. ठरलं होतं असं, की प्रत्येक कैद्याला तंबूत आणायचं, त्याच्या देशाचा प्रतिनिधी त्याला ‘घरी चल’ म्हणून समजावणार, आयोगाचे लोक बसून ऐकणार आणि मग कैद्यानं दोनपैकी एका दारानं बाहेर पडायचं. एक दार घराकडं, दुसरं परत छावणीकडं. एका माणसाचं अख्खं आयुष्य त्या काही मिनिटांच्या बोलण्यावर, आणि निकाल देणाऱ्यांपर्यंत ते बोलणं पोचणार दुभाष्याच्या तोंडून. कैदी आरडाओरडा करायचे, समजावणाऱ्याचा आवाज दाबून टाकायचे. नव्वद दिवसांची मुदत २३ डिसेंबरला संपली, तोवर बहुतेक कैदी त्या तंबूपर्यंत पोचलेच नव्हते.

थोरातांची हकीकत अशी सांगितली जाते, की तणाव अगदी टोकाला गेला तेव्हा ते कैद्यांना म्हणाले, तुमच्याकडं पाहुणा आला तर चहा-सिगारेटही विचारत नाहीत का? दुभाष्यानं ते पोचवलं, हशा पिकला, वातावरण सैल झालं. ग्रेवाल सुटले.

मी हे वाचलं ते कोरियन शिकताना. मी नांदूरघाटातून एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करतो, आणि माझा शाळेपासूनचा मित्र तळेगावला सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. लाइनवर कोरियन इंजिनिअर येतात, आणि ज्याला त्यांच्याशी बोलता येईल तो पुढं जाणार, हे त्याला दिसतंय. माझं निमित्त साधं, मला नवी लिपी आवडते. तर जोडीनं शिकायचं ठरलं. आमच्या केज तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं दोन, हिशोब एक. आमचंही तसंच.

ध्येयावरून मात्र वाजलं. तो म्हणाला, “परीक्षेचा फॉर्म भरल्याबिगर आपण बसत नसतोत.” परीक्षा म्हणजे टॉपिक. तिच्या पहिल्या टप्प्यात फक्त ऐकणं आणि वाचणं असतं. बोलण्याची वेगळी परीक्षा २०२२ मध्ये सुरू झाली. म्हणजे तोंड न उघडता प्रमाणपत्र मिळू शकतं! मी म्हणालो, लाइनवर मशिन बंद पडल्यावर तुला चार पर्यायांतला एक निवडायचा नाहीये. आपल्याकडचे ऊसतोड मजूर कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, दुकानदाराशी आणि डॉक्टरशी बोलण्यापुरतं कानडी उचलतात. त्यांची यादी गरज ठरवते.

तशीच गरज कोरियाहून निघालेल्या ८८ जणांची होती. उत्तर नको, दक्षिण नको, चीन नको, तैवान नको म्हणणारे ७६ कोरियन आणि १२ चिनी कैदी फेब्रुवारी १९५४ मध्ये आपल्या फौजेबरोबर भारतात आले. पुढं बरेच ब्राझील-अर्जेंटिनाला गेले, थोडे इथंच राहिले. तिथं पुन्हा पोर्तुगीज, स्पॅनिश, आणि इथल्यांना हिंदी. भाकरीपासून सुरुवात.

म्हणून आमचा पहिला महिना जेवणाचा. ‘जेवलात का?’ हे कोरियातही ख्यालीखुशालीचं वाक्य आहे: पाप मॉगॉस्सॉयो? भाताला ‘पाप’ म्हणावं की ‘बाप’, उच्चार दोन्हींच्या मधला, मराठीत दोन्हीकडून पंचाईत. त्यात बोलताना तो ‘पाम’ होतो, कारण पुढच्या ‘म’मुळं ‘प’ अनुनासिक बनतो. मित्र वैतागला. मी त्याला ‘वाक्’ अधिक ‘मय’ बरोबर ‘वाङ्मय’ दाखवलं. नियम तोच! राजा सेजोंगनं १४४६ मध्ये जाहीर केलेल्या लिपीत व्यंजनांचे आकार जीभ, ओठ, घसा यांवरून घेतलेत. कंठ्य-दंत्य-ओष्ठ्य घोकलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. क्रियापद शेवटी, विभक्ती नामाला चिकटून, आणि वडिलांना ‘आप्पा’. आणखी काय पाहिजे?

दर रविवारी रात्री नऊला मी गच्चीवर जातो, तिथं रेंज बरी असते. वीस मिनिटं, मराठी बंद. महिन्याच्या शेवटी पाच मिनिटं जेवणावर बोलता आलं पाहिजे, आणि समोरच्याला उलटा प्रश्नही विचारता आला पाहिजे. दुसरा महिना ‘कळलं नाही, पुन्हा सांगा’चा. त्यात पानमुनजॉमचा खेळ घातलाय: मी मराठीत बोलतो, तो दुभाषा होऊन तेच कोरियनमध्ये सांगतो, मग अदलाबदल. मी एकदा थोरातांचं चहा-सिगारेटचं वाक्य दिलं. शब्द त्याला येत होते, पण टोमणा कुठल्या आदरार्थी रूपात मारायचा यावर आठवडा गेला. तू, तुम्ही, आपण यांच्यासारखे थर तिकडंही आहेत, आणि साहेबाला नुसतं नाव घेऊन हाक मारत नाहीत. मॅनेजर असेल तर ‘ग्वाजांगनिम’.

तिसऱ्या महिन्याचं ध्येय मित्रानंच सुचवलं. नकार द्यायचा. वरच्या माणसाला, अदबीनं, पण स्पष्ट: हे काम आज होणार नाही. परीक्षेचा फॉर्म त्यानंतर भरू, म्हणाला.