वामेतील पोषण : आकडे नेमके कोणत्या माशाचे?

वांद्र्याच्या मासळीबाजारात पापलेट-सुरमईच्या शेजारी पडलेली लांबलचक, बिनखवल्यांची वाम पाहून अनेक जण पुढे सरकतात. सापाशी असलेले साम्य हे त्याचे मुख्य कारण. कोळीवाड्यात मात्र चिंचेचा कोळ घातलेले वामेचे कालवण आवडीने खाल्ले जाते.

इंग्रजीतील ‘ईल’ या एकाच शब्दात अनेक मासे मोडतात आणि घोटाळा तेथेच होतो. पोषणमूल्यांचे जे तक्ते सर्वत्र आढळतात, ते बहुधा गोड्या पाण्यात वाढून समुद्रात अंडी घालणाऱ्या ‘अँग्विला’ कुळातील माशांचे असतात. जपानी ‘उनागी’ ती हीच. मुंबईच्या बाजारातील वाम ही समुद्रातील, अणकुचीदार दातांची शिकारी मासळी असून तिचे कूळ वेगळे आहे. जपानात तिच्या जवळच्या जातीला ‘हामो’ म्हणतात.

जपानी अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या उनागीत सुमारे १७ ग्रॅम प्रथिने आणि १९ ग्रॅम स्निग्धांश असतो. हामोत प्रथिने सुमारे २२ ग्रॅम, तर स्निग्धांश अवघा ५ ग्रॅमच्या आसपास. जीवनसत्त्व ‘अ’मधील तफावत तर थक्क करणारी आहे. उनागीत ते सुमारे २,४०० मायक्रोग्रॅम, हामोत ६० देखील नाही. ‘ड’ जीवनसत्त्व अनुक्रमे सुमारे १८ आणि ५ मायक्रोग्रॅम.

हा फरक केवळ अभ्यासकांपुरता नाही. प्रौढांसाठी जीवनसत्त्व ‘अ’ची सुरक्षित कमाल मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम मानली जाते आणि गरोदरपणी त्याचा अतिरेक गर्भाला घातक ठरू शकतो. त्यामुळे उपाहारगृहात उनागी वारंवार मागवणाऱ्या गर्भवतीने डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वामेबाबत ही चिंता बरीच कमी. उलट, ‘अ’ जीवनसत्त्वासाठी वाम खाण्यात अर्थ नाही. ती खावी प्रथिनांसाठी. मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो, म्हणून अजस्र वामेपेक्षा मध्यम आकाराची बरी.

वाम कच्ची किंवा अर्धकच्ची खाऊ नये. अशा माशांच्या रक्तात विषारी प्रथिन असते. पुरेशा उष्णतेने ते निष्प्रभ होते. शेपटीकडे बारीक काटे दाट असतात. मुलांसाठी घेताना कोळणीकडून मधल्या तुकड्या मागून घ्याव्यात, शेपूट कालवणाच्या रश्शाला चांगली.