नजराणा, पोस्त आणि आहेर : नाताळच्या भेटींचा हिशेब

मराठीत देण्याघेण्यासाठी शब्दांची वाण नाही. खालच्याने वरच्याला दिला तर तो नजराणा. वरच्याने खालच्याला दिले तर ते बक्षीस, आणि सणानिमित्त दिली तर ती पोस्त. बरोबरीच्यांनी एकमेकांना करायचा तो आहेर. त्याची तर वहीच ठेवलेली असते. कोणी किती दिले हे तीत नोंदवायचे, म्हणजे त्यांच्या घरच्या कार्यात तेवढे, किंवा किंचित अधिक, परत करता येते. हे शब्द वस्तूविषयी काहीच सांगत नाहीत. ते देण्याची दिशा सांगतात. इंग्रजीतल्या ‘ख्रिसमस प्रेझेंट’ या शब्दप्रयोगात ही दिशा दिसत नाही. मालकाने नोकराला, नोकराने मालकाला, आईने मुलाला, शेजाऱ्याने शेजाऱ्याला काहीही द्यावे, नाव एकच.

दर डिसेंबरात इंग्लंड-अमेरिकेतली वृत्तपत्रे वाचकांना नाताळचा खर्च आवरण्याचा उपदेश करतात: यादी करा, रक्कम ठरवा, कर्ज काढू नका. ऋण काढून सण करू नये हे आपणांसही कोणी नव्याने सांगायला नको. परंतु हा उपदेश नेहमी एकट्या माणसाला उद्देशून केलेला असतो; जणू काटकसर हा केवळ त्याच्या निग्रहाचा प्रश्न आहे. या सणाचा आणि त्याभोवती रचलेल्या साहित्याचा इतिहास पाहता आम्हांला तसे वाटत नाही. भेटींचा खर्च एकट्याने आवरता येत नाही. त्यासाठी दोन्ही पक्षांचा करार लागतो, आणि त्या कराराचा पहिला शब्द बहुधा वरच्या पायरीवरून यावा लागतो.

प्रथम जुना काळ पाहू. इंग्लंडमध्ये भेटी देण्याचा दिवस दीर्घकाळ नाताळ नव्हता, तर नववर्षाचा होता. पहिल्या एलिझाबेथ राणीला दरबाऱ्यांनी नववर्षाला दिलेल्या नजराण्यांच्या तपशीलवार नोंदी आजही उपलब्ध आहेत. नाताळात देणे होते ते उलट्या दिशेचे. धनिकाच्या दारी गरिबांनी जावे, गाणी म्हणावीत, आणि खाणेपिणे हक्काने मागून घ्यावे. हे मागणे पुष्कळदा दांडगाईचे असे. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीतल्या प्युरिटनांनी १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. त्यामागे धर्ममत होते, तसाच या धांगडधिंग्याचा तिटकाराही होता.

शहरांत याच देण्याने ‘ख्रिसमस बॉक्स’चे रूप घेतले. ही आपली दिवाळीची पोस्तच: नोकर, हरकाम्ये, दुकानांतली पोरे यांना वर्षाकाठी द्यायची रक्कम. जोनाथन स्विफ्ट १७१०-११ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये होता. स्टेलाला लिहिलेल्या पत्रांत त्याने या पोस्तीपायी आपण बुडणार अशी तक्रार केली आहे. कॉफीगृहातल्या सेवकांचा दर वाढला होता. प्रत्येक गिऱ्हाईक एक क्राउन देत होते, म्हणून लाजेकाजेस्तव त्यालाही तेवढेच द्यावे लागले. ही लाज महत्त्वाची आहे. स्विफ्टसारखा तिखट जिभेचा माणूसही शेजारच्या टेबलाने ठरवलेल्या दरापुढे नमला. त्याच्यापाशी निग्रह नव्हता असे कोण म्हणेल? त्याच्यापाशी नव्हता तो इतर गिऱ्हाइकांशी केलेला करार.

एकोणिसाव्या शतकात देण्याची दिशा बदलली. ‘द बॅटल फॉर ख्रिसमस’ या १९९६ च्या ग्रंथात स्टीफन निसेनबॉम यांनी हे स्थित्यंतर उलगडून दाखवले आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय येथील वृत्तपत्रात १८२३ साली संत निकोलसच्या आगमनाची प्रसिद्ध कविता छापली गेली. तीत दारी येणारा पाहुणा काही मागत नाही, उलट देऊन जातो. श्रीमंताकडून गरिबाकडे जाणारे देणे आता आईबापांकडून मुलांकडे जाऊ लागले. सण रस्त्यावरून घरात आला आणि घराबाहेरचा गरीब हळूहळू दृष्टीआड झाला.

या घरगुती नाताळने बाजाराला जन्म दिला, आणि त्या बाजारातला एक आद्य माल पुस्तक हा होता, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी विसरू नये. रुडॉल्फ अॅकरमन याने १८२२ च्या अखेरीस लंडनमध्ये ‘फर्गेट मी नॉट’ हे भेटीदाखल द्यायचे वार्षिक काढले. लवकरच अमेरिकेतही तशी वार्षिके निघाली. बोस्टनच्या ‘द टोकन’मध्ये नथॅनिएल हॉथॉर्नच्या आरंभीच्या अनेक कथा प्रसिद्ध झाल्या. अमेरिकन लघुकथेचा एक पाळणा असा नाताळच्या दुकानात हलला. पुढे १८५० च्या डिसेंबरात हॅरिएट बीचर स्टोव यांनी एक कथा लिहिली. तिच्यातल्या तरुणीपुढे पेच आहे तो ज्यांच्यापाशी सर्व काही आहे त्यांना काय द्यावे, हा. मावशी तिची दृष्टी ज्यांच्यापाशी काही नाही त्यांच्याकडे वळवते. म्हणजे भेटींच्या अतिरेकाचा कंटाळा आपण समजतो तितका अलीकडचा नाही.

या पार्श्वभूमीवर डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ पुन्हा वाचले की एक गोष्ट ध्यानात येते. नाताळचा हा आदिग्रंथ मानला जातो, पण त्यात भेटवस्तूंची देवघेव फारच थोडी आहे. बेलच्या घरातल्या एका प्रसंगात खेळण्यांनी लादलेल्या हमालाला घेऊन येणारा बाप दिसतो, इतकेच. स्क्रूज सुधारतो तेव्हा क्रॅचिटकडे नाव न सांगता टर्की पाठवतो, गरिबांसाठी देणगी कबूल करतो आणि दुसऱ्या दिवशी पगार वाढवतो. फेझिविगच्या मेजवानीचा खर्च तर भूत मुद्दाम मोजून दाखवते: तीन-चार पौंड. त्यावर स्क्रूज भानावर येऊन म्हणतो की मालकाच्या हाती नोकरांचे काम हलके किंवा जड करण्याची सत्ता असते, आणि त्याने दिलेल्या आनंदाला पैशांचे माप लागत नाही. थोडक्या पैशांत होणारी भेट कोणती, तर सत्ताधाऱ्याने आपल्या सत्तेचा भार कमी करणे ही. मात्र १९ डिसेंबर १८४३ रोजी बाजारात आलेल्या या सुबक पुस्तकाची किंमत पाच शिलिंग होती, आणि त्यातल्या बॉब क्रॅचिटचा आठवड्याचा पगार पंधरा. स्वतःचीच कहाणी घ्यायला त्याला आठवड्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता.

लुइसा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा आरंभ (१८६८) याहून स्पष्ट आहे. युद्धाचा हिवाळा आहे, रणांगणावर माणसे हाल सोसत आहेत, म्हणून यंदा भेटी नकोत असे आईने सुचवले आहे. मुली कुरकुरतात. प्रत्येकीपाशी एकेक डॉलर आहे. शेवटी त्या आईसाठीच लहानसहान वस्तू घेतात, आणि नाताळच्या सकाळी आपली न्याहारी एका गरीब कुटुंबाला नेऊन देतात. येथे आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे की मर्यादा आईने घातली आहे. घेण्याचा अधिकार जिचा, तिनेच ‘नको’ म्हटले. हेच एखाद्या मुलीने म्हटले असते तर तो कद्रूपणा ठरला असता.

आता १९१२ सालच्या न्यूयॉर्ककडे वळू. मोठ्या दुकानांत काम करणाऱ्या मुलींवर नाताळचा भार दुहेरी होता. एक तर सणाच्या गर्दीत रात्री उशिरापर्यंत उभे राहायचे. ग्राहकांच्या संघटना ‘खरेदी लवकर उरका’ असे आवाहन करीत, ते या मुलींसाठीच. दुसरे, वरिष्ठांसाठी वर्गणी काढून भेट घ्यायची. वर्गणी नावाची ऐच्छिक, पण ती न देणारीला नोकरीत त्याची किंमत मोजावी लागेल ही धास्ती. मराठीत याला सरळ नजराणा म्हटले असते; तेथे त्याचेही नाव ‘ख्रिसमस प्रेझेंट’च होते.

त्या वर्षी या प्रथेविरुद्ध एक संस्था निघाली: ‘सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ यूसलेस गिव्हिंग’. निरुपयोगी भेटींना आळा घालणाऱ्या या मंडळीला आद्याक्षरांवरून ‘स्पग’ म्हणत. सभासद बहुतांशी कष्टकरी स्त्रिया. पुढाकार मात्र दोन धनाढ्य स्त्रियांचा होता: बँकसम्राट जे. पी. मॉर्गन यांची कन्या अॅन मॉर्गन, आणि रंगभूमी सोडून बेलमाँट घराण्यात विवाह केलेली अभिनेत्री एलिनोर रॉब्सन. शॉने ‘मेजर बार्बरा’ लिहिले ते हिलाच डोळ्यांपुढे ठेवून, हे नाट्याभ्यासकांना ठाऊक असेल. घेतलेल्या पैशावर देणाऱ्याची सत्ता कशी चालते, हाच त्या नाटकाचा विषय. ती भूमिका रॉब्सनला करता आली नाही; पण प्रश्न तिच्यापर्यंत वेगळ्या वाटेने पोहोचला. डिसेंबर १९१२ मध्ये, निवडणूक हरून महिना उलटतो न उलटतो तोच, थिओडोर रूझवेल्टही स्पगचे सभासद झाले.

कोट्यधीशांच्या लेकीसुनांनी काटकसर शिकवावी यातला विरोधाभास उघड आहे. तरीही आमच्या मते संस्थेचे मर्म उपदेशात नव्हते. एकटीने वर्गणी नाकारली तर ती आगाऊ ठरते. हजारोंनी एकदम नाकारली तर ते संस्थेचे धोरण ठरते. स्पगने मुलींना निग्रह दिला नाही, तर निमित्त दिले. नकार देताना ज्याच्याआड उभे राहता येईल असे नाव दिले. पुढे महायुद्ध आले आणि संस्था विस्मरणात गेली.

त्याच न्यूयॉर्कमध्ये सात वर्षांपूर्वी, १० डिसेंबर १९०५ रोजी, ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाली होती. डेला आपले केस वीस डॉलरला विकून नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी आणते. त्याने तिच्या केसांसाठी फण्या आणण्याकरिता तेच घड्याळ विकलेले असते. कथा आपण त्यागाची म्हणून शिकवतो, आणि ती तशी आहेच. पण आकडे लेखकानेच दिले आहेत. जिमची आठवड्याची मिळकत तीसवरून वीस डॉलरवर आली आहे, आणि साखळीची किंमत एकवीस. दोघांनी आधी एवढेच म्हटले असते की यंदा काही आणायचे नाही, तर केसही राहिले असते आणि घड्याळही. पण मग कथा राहिली नसती. भेट गुपित असली पाहिजे हा संकेत कथेला हवा असतो. तोच दुकानदारालाही हवा असतो, कारण गुपितात करार होऊ शकत नाही. प्रेमाचे माप खिशाबाहेरच्या खर्चाने घ्यायचे ही सवय साहित्यानेही लावली आहे, हे शिक्षकांनी वर्गात एकदा बोलून दाखवायला हरकत नाही.

गरिबांनी स्वतः शोधलेली वाट निराळी होती. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये कामगार दर आठवड्याला काही पेन्स भरून नाताळच्या हंसासाठी भिशी चालवीत. १९०९ साली पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाईल गावच्या एका बँकेने ‘ख्रिसमस क्लब’ सुरू केला: वर्षभर थोडे थोडे भरा, डिसेंबरात एकदम घ्या. ऋण टाळण्याची ही सोय चांगलीच. पण हिने रकमेला मर्यादा घातली नाही, फक्त ती उभी करण्याचा काळ लांबवला. शिवाय साठवणारा दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहिला. ब्रिटनमधली फेअरपॅक ही अशीच नाताळ-बचतीची कंपनी ऑक्टोबर २००६ मध्ये बुडाली आणि लाखाहून अधिक कुटुंबांची पुंजी सणाच्या तोंडावर अडकली.

अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ च्या एका निबंधात मांडले की मिळालेल्या वस्तूचे मोल घेणाऱ्याच्या लेखी तिच्या किमतीहून कमी असते, आणि या तफावतीत भेटींच्या किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा वाया जातो. हिशेब विचार करायला लावणारा आहे. पण तो वस्तू मोजतो, दिशा मोजत नाही. त्यापूर्वीच, १९२५ साली, मार्सेल मोस यांनी दाखवले होते की देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने आहेत. स्वेच्छेच्या वेषात वावरणाऱ्या बंधनातून कोणी एकटाच कसा सुटणार?

आपल्याकडच्या नाताळनेही यातल्या दोन दिशा पाहिल्या आहेत. इंग्रजी अमलात नाताळ आणि नववर्षाला साहेबाच्या बंगल्यावर डाली पोचवण्याची रीत होती: फळे, फुले, मिठाई यांची तबके. हा शब्द १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात रीतसर नोंदला गेला आहे. कंपनीच्या नोकरांना नजराणे घेण्याची मनाई १७७३ च्या कायद्यानेच झाली होती. पुढच्या सरकारी नियमांनी फळाफुलांसारख्या किरकोळ वस्तूंपुरतीच मोकळीक ठेवली. मर्यादा घालावी लागली ती घेणाऱ्यावर, हे लक्षणीय आहे.

दुसरी दिशा गोव्यात आणि वसईत आजही दिसते. नाताळात ख्रिस्ती घरांतून नेवऱ्या, कुलकुल, दोदोल यांची ताटे शेजारी जातात, मग शेजारी कोणत्याही धर्माचा असो; आणि दिवाळीत फराळाची ताटे उलट येतात. या देवघेवीतही परतफेड आहेच. रिकामे भांडे परत करू नये हा आपला जुना शिरस्ता. पण या आहेराला आकाराची सीमा आहे, ती ताटाची. सगळे साधारण तेच पदार्थ तेवढेच देतात, म्हणून कोणी कोणाला मागे टाकू शकत नाही आणि कोणी लाजत नाही. स्पगने सभासद नोंदवून जे साधू पाहिले, ते येथे रूढीने साधले आहे.

म्हणून नाताळ असो वा दिवाळी, काटकसरीचा उपदेश ज्याच्या खिशात कमी आहे त्याला करण्यात फारसा अर्थ नाही, असे आम्हांला वाटते. तो करायचा असेल तर कचेरीतल्या साहेबाला, वर्गावरच्या शिक्षकाला, घरातल्या वडीलधाऱ्यांना करावा. ‘यंदा मला काही आणू नका’ हे वाक्य त्यांच्या तोंडून आले तरच खालच्याला परवडते.